आप्पांची मारुती ८०० रंगवतोय, बजेट पंधरा हजार

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, नाहीतर कुठला बोल्ट कुठला आणि कशाला किती गेले ते मलाच आठवणार नाही.

गाडी आप्पांची. मारुती ८००, मार्च १९९९ ची, कार्बोरेटरवाली, चार गिअरची, पांढरी. इंजिनाचं काही रडगाणं नाही, ७९६ सीसीचे तीन सिलिंडर अजून पहिल्या सेल्फला उठतात. पण अंगाची पार रया गेलीय. टपावरचा रंग खडूसारखा झालाय, हात फिरवला की तळवा पांढरा. पुढच्या मडगार्डच्या खाली गंजाचे फोड, डिकी वेगळ्याच पांढऱ्यात (कधीतरी नुसती डिकी मारून घेतलेली), आणि पासिंग मार्च २०२४ ला संपतंय. २०१४ ला एकदा झालं, २०१९ ला झालं, आता तिसऱ्यांदा. एप्रिल २०२२ ला जुन्या कारच्या रिन्यूअलची फी ६०० ची ५००० झाली होती, ग्रीन टॅक्स वेगळा. म्हणजे पासिंगला एवढे पैसे घालायचे आणि गाडी अशी भिकारड्यासारखी न्यायची हे काय मला पटेना.

तीन ठिकाणी विचारलं. एक ४५ हजार, एक ३८, आणि एकजण म्हणाला २२ मध्ये बाहेरून चकाचक करून देतो. गंजाचं काय विचारलं तर म्हणाला, त्यावर पुट्टी बसते की. नमस्कार करून आलो.

माझ्याकडं पंधरा आहेत. डेंटिंग बाहेरून, बाकी सगळं घरी. मी फौंड्रीत इन्स्पेक्शनला आहे, रंगाची गन हातात धरायची सवय नाही पण खडबडीत काय आणि गुळगुळीत काय एवढं बोटाला कळतं.

मला लाल करायची होती. पण रंग बदलला की आरटीओत आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि आप्पा म्हणाले, "पांढरी घेतलीया, पांढरीच ऱ्हाईल." विषय संपला. तसं बघितलं तर बरंच झालं, रंग बदलायचा म्हणजे दरवाज्याच्या आतल्या कडा, बोनेटच्या खाली, सगळीकडं मारावं लागतं. पांढऱ्यावर पांढरा म्हणजे बाहेरचं तेवढं केलं की भागतं.

सकाळी धुतली आणि फ्रीजवरचं एक हलकं चुंबक घेऊन गाडीभर फिरवलं. जिथं पत्रा तिथं चिकटतं, जिथं आत पुट्टी जाड तिथं गळून पडतं. सगळीकडं ठीक, फक्त डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या वर वीतभर जागेत चुंबक धरतच नाही, सरळ खाली. आप्पांना विचारलं तर म्हणाले कंपनीतूनच तसं असंल. कंपनीतनं पुट्टी भरून गाडी येते होय! आई दारात उभी होती, म्हणून पुढं काही बोललो नाही.

दुपारनंतर मॅच. त्याबद्दल काही लिहीत नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

उघडायचं काम. बंपर दोन्ही, हेडलाईट, इंडिकेटर, मागचे दिवे, आरसा, दरवाज्याच्या मुठी, बाजूच्या काळ्या पट्ट्या, वायपर. प्रत्येकाचे स्क्रू श्रीखंडाच्या वेगळ्या डब्यात आणि झाकणावर मार्करनं नाव. बंपरचे दोन बोल्ट गंजून एकजीव झालेले, रात्रभर गंजतेल सोडून ठेवलं तरी एक तुटलाच.

मग खालची मॅट उचलली आणि डोक्याला हात लावला. ड्रायव्हरच्या पायाखाली मॅटच्या आत ओला फोम, त्याखाली पत्रा तपकिरी, स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं तर आरपार. खालनं अंगणातली फरशी दिसली. फूटबोर्डाच्या खाली पाणी जायला कंपनीनं बारीक भोकं दिलेली असतात, ती सगळी मातीनं बुजलेली. दरवाज्यांचीही तीच गत. म्हणजे पंचवीस पावसाळ्यांचं पाणी आत गेलं ते आतच राहिलं आणि आतनं खात बसलं. बाहेरनं दिसणारा फोड हा शेवटचा टप्पा, तोवर आतला पत्रा गेलेला असतो. तारेनं भोकं मोकळी केली तर एका दरवाज्यातनं चमचाभर नाही, ओंजळभर माती निघाली, आणि एक गोगलगाईचा शंख.

बजेट इथंच हललं. आधी विचार होता डेंटिंगला दोन हजार. आता बघू.

३ डिसेंबर, रविवार

ऊसदराचं आंदोलन मिटलं तसं रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलीय, त्यातनं बंपर नसलेली, दिवे नसलेली गाडी घेऊन गावातनं कोल्हापुरात उद्यमनगरात गेलो. लोक असं बघत होते की गाडी चोरून आणलीय. चाचा डेंटर रविवारी निवांत असतात म्हणून आधीच बोलून ठेवलं होतं. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, कुठं हात लावला नाही, नुसत्या बोटाच्या पेरानं टकटक वाजवत गेले. डाव्या बाजूला मागच्या चाकावर टकटक करताना थांबले. आवाज बद्द.

छिन्नी लावली आणि दोन ठोक्यात पुट्टीचा ढलपा निघाला. हातात घेऊन बघितला, करंगळीच्या पेराएवढा जाड. खाली पत्रा आत दबलेला आणि मधोमध एक उभी धार, अशी की कुठल्यातरी चौकोनी दगडाचा कोपरा बसलाय.

"हे मागं घेताना लागलंय," चाचा म्हणाले. "आणि ज्यानं काम केलं त्यानं पत्रा ओढलाच नाही, नुसता खड्डा भरला."

आप्पा बरोबर होते. ते बाजूच्या गॅरेजातली जुनी पद्मिनी गाडी बघायला गेले, एकदम इंटरेस्ट आला त्यांना. येताना शिरोलीच्या पुलावर शेवटी बोलले. २००६ साली गावच्या देवळापुढं गाडी वळवताना दीपमाळेच्या चौथऱ्यावर घातली होती. आईला सांगितलं होतं की शहरात पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकून गेला. "तिला बोलू नकोस आत्ता," म्हणाले. सतरा वर्षांनी!

चाचांनी फरशीचा कुजका भाग कापून २० गेजचा पत्रा बसवला, उजव्या फूटबोर्डाला वीतभर पॅच, मडगार्डच्या खालच्या कडेला दोन छोटे. आठशेचा पत्रा पातळ, सलग वेल्डिंग ओढलं की उष्णतेनं लाटा येतात, म्हणून टाके मारल्यासारखं इथं एक तिथं एक असं करत गेले आणि प्रत्येक टाक्यानंतर ओलं फडकं. मागचा खड्डा आतनं ठोकून बाहेर आणला, जवळजवळ ऐंशी टक्के आला. एकूण ४५०० घेतले. पाच सांगितले होते, आप्पांकडं बघून पाचशे सोडले असावेत.

१० आणि १७ डिसेंबर

दोन रविवार घासण्यात गेले, त्यात लिहिण्यासारखं कमी आणि दुखण्यासारखं जास्त. गंजाच्या जागा वायर ब्रशनं पांढऱ्या पत्र्यापर्यंत, जिथं ब्रश पोचत नाही तिथं रस्ट कन्व्हर्टर लावलं, ते काळं पडलं की वर इपॉक्सी प्रायमरचा हात. फरशीला खालनं अंडरकोटिंग, तेही ब्रशनंच. कुणाला दिसणार नाही पण या गाडीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम माझ्या मते हेच.

मग पुट्टी. पहिल्या दिवशी थंडी होती म्हणून वाटलं हार्डनर जरा सढळ हातानं घालूया. शंभराला दोन एवढंच माप, मी डोळ्यानं घातलं, तीन मिनिटांत पत्र्याच्या तुकड्यावरच दगड झाला, पाव किलो गेली. दुसऱ्या वेळी स्वैपाकघरातला छोटा काटा आणला (आईला सांगितलेलं नाही). पुट्टी कमी लावायची, दोनदा लावायची, ८० नंबरनं लाकडाच्या ठोकळ्यावर पेपर गुंडाळून तिरकं तिरकं घासायचं, मग १८०. हातानं नुसता पेपर धरून घासलं की बोटांच्या खुणा उतरतात आणि त्या रंगाखाली बरोबर दिसतात.

एक युक्ती फौंड्रीतली. कास्टिंगवरचा उंचवटा उघड्या हातापेक्षा पातळ सुती हातमोजा घालून जास्त कळतो, कारण हात अडत नाही, घसरत जातो. डोळे मिटून डाव्या बाजूला तसाच हात फिरवला तर दीपमाळेचा कोपरा अजून बरोबर लागत होता. आणखी एक पातळ थर. चुंबक आता धरतंय, थोडं दमानं पण धरतंय.

२४ डिसेंबर, रविवार

सोमवारी नाताळची सुट्टी म्हणून प्रायमर धरला. कॉम्प्रेसर रोज ३०० नं भाड्यानं, गन मित्राची, प्रायमरला १.८ चा नोझल. एकदम मस्त चाललं होतं, करडा रंग बसत गेला तशी गाडी पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा एका रंगाची दिसायला लागली. डिकीवर दुसरा हात मारला आणि पाच मिनिटांत तिथं दुधावर साय येते तशा सुरकुत्या. बघता बघता अख्खी डिकी गोळा झाली.

चूक माझी. डिकी आधी कुणीतरी एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगानं मारलेली, तो रंग कितीही वर्षं झाली तरी थिनर लागला की मऊ पडतो, आणि वर टूकेचा (हार्डनर कालवून मारायचा) प्रायमर म्हणजे कडक थिनर. आधी एका कोपऱ्यात थिनरचं फडकं अर्धा मिनिट दाबून धरलं असतं तर फडक्याला रंग आला असता आणि कळलं असतं. कंपनीच्या भाजलेल्या रंगाला तसं काही होत नाही, बाकी गाडी म्हणूनच वाचली.

रात्री जेवताना आप्पा म्हणाले, डिकीवर स्टेपनीचं कव्हर टाकलं तर? आठशेची स्टेपनी पुढं असते, बोनेटखाली. त्यांना माहितीय, चेष्टा करत होते.

७ जानेवारी २०२४, रविवार

डिकी पेंट रिमूव्हरनं पत्र्यापर्यंत उतरवली. ३८० रुपये आणि हाताला दोन चट्टे. परत इपॉक्सी, परत प्रायमर. ठीक झालं.

१५ जानेवारी, सोमवार, संक्रांत

काल दिवसभर ओलं घासणं. ४०० चा वॉटर पेपर, बादलीत साबणाचे दोन थेंब, आणि घासायच्या आधी प्रायमरवर काळ्या स्प्रेचा एकदम लांबनं नुसता धुरळा. घासत गेलं की उंच जागेचं काळं आधी जातं, खोलगटात राहतं, म्हणजे डोळ्यालाच दिसतं कुठं काम बाकी आहे. बोटांची सालं निघाली, पाणी बर्फासारखं.

आज तिळगूळ घेताना आईनं सहज विचारलं, तो दीपमाळेचा कोपरा पुरता निघाला का रे? मी गप्प. आप्पांनी तिळगूळ तोंडात टाकला तो चावेचनात. ती म्हणाली, "चौथऱ्याचा दगड निखळला व्हता, तो बसवायला वर्गणी मागायला आपल्याच दारात आले व्हते. पार्किंग म्हणे!" आणि आत निघून गेली. म्हणजे सतरा वर्षं गुपित आमच्यातल्या एकाचंच होतं.

२१ आणि २२ जानेवारी

सोमवारची सुट्टी जाहीर झाल्यामुळं दोन दिवस मिळाले. ट्रॅक्टरची शेड रिकामी केली, काकांच्या पॉलीहाऊसचं जुनं प्लास्टिक तिन्ही बाजूंनी लावलं, चौथ्या बाजूला पडदा. जाळी झाडली, छत धुतलं. वीज असली तर फक्त बाहेरनं, आत थिनरची वाफ असताना ठिणगी नको.

काच काढायचं धाडस केलं नाही. जुनं रबर ताठलेलं असतं, काढताना फाटलं किंवा काच तडकली तर बजेटचं वाटोळंच. त्याऐवजी रबराच्या ओठाखाली कपडे वाळत घालायची प्लास्टिकची दोरी सरकवत गेलो, म्हणजे रबर पत्र्यापासून उचलून राहतं आणि रंग त्याच्या खाली जातो. दोरी काढली की रबर परत बसतं आणि जोड दिसत नाही. चारी काचांना मिळून अडीच तास. प्लास्टिकच्या सपाट पट्टीनं ढकलायची, टोकदार काही घ्यायचं नाही.

मास्किंगला, म्हणजे रंग नको तिथं झाकायला, वर्तमानपत्र दोन पदरी, एक पदर असला तर थिनर पाझरतो आणि बातमी काचेवर छापून येते.

२६ जानेवारी, शुक्रवार

झेंडावंदन करून आलो, साडेदहाला सुरू. त्याआधी नको, सकाळी दव असतं आणि पत्रा गार असतो.

रंग सिंगल स्टेज टूके, साधा पांढरा, वर लॅकर लागत नाही. स्वस्त पडतो हे एक, आणि बिघडला तर त्याच थरात घासून पॉलिश करता येतो हे दुसरं, जे मला संध्याकाळपर्यंत फार उपयोगी पडणार होतं. दुकानदारानं पेट्रोलच्या झाकणावरनं शेड जुळवून दिली, झाकणाच्या आतली बाजू दाखवली कारण तिथं ऊन लागलेलं नसतं. माझ्या डब्यावर रंग चार भाग हार्डनर एक भाग. एका वेळी अर्धा लिटरच कालवायचा, नाहीतर डब्यातच घट्ट व्हायला लागतो.

मास्कवर १३५० घातले, गाळणीवाला, दोन्ही बाजूला काडतुसं असतात तो. मित्र म्हणाला लगा रुमाल बांध की, सगळे पेंटर तेच करतात. सगळे पेंटर चाळीशीत खोकत असतात ते पण बघितलंय. टूकेच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा लागतो, आणि रुमालातनं ते सरळ आत जातं. पंधरातले १३५० इथं गेले, याचं मला काहीही वाटत नाही.

जमिनीवर पाणी मारलं धूळ बसायला. आधी टप, मग बोनेट, मग बाजू. गन वीतभर अंतरावर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. पहिला हात एकदम पातळ, पंधरा मिनिटं थांबायचं, मग दुसरा भरून. दुसऱ्या हाताला रंग ओला चमकायला लागला तेव्हा पडद्याबाहेरनं आप्पांचा आवाज, "आरंऽ शोरूमची गाडी!"

तीन वाजता तिसरा हात संपवत होतो आणि वास आला. धुराचा. बाजूच्या रानातला ऊस दोन दिवसांपूर्वी तुटून गेला होता, आणि मालकानं पाचट पेटवलं. वारा नेमका आमच्याकडं. पाचटाची काजळी कशी असते माहितीय ना, काळी, पिसासारखी हलकी, तरंगत येते. प्लास्टिक आणि पत्र्याच्या मधल्या चार बोटाच्या फटीतनं आत आली आणि टपावर, बोनेटवर अलगद उतरली. जाळ अन् धूर संगटच म्हणतात ते हेच. मी गन घेऊन उभा आणि हात लावता येत नाही, कारण ओल्या रंगावरचा कण उचलायला गेलं की कणाचा डाग होतो आणि बोटाचा खड्डा होतो. मित्र फुंकायला गेला, त्याला ओरडून थांबवलं.

पडदा टाकून बाहेर येऊन बसलो. कुणाला बोलणार, त्याचं रान त्याचं पाचट, मीच विचारून ठेवायला पाहिजे होतं की कधी पेटवणार. हवामान बघितलं, दव बघितलं, सुट्टी बघितली, उसाच्या गावात राहून ऊस बघितला नाही.

२८ जानेवारी, रविवार

काजळीचे कण मोजले. टपावर एकतीस, बोनेटवर चौदा, बाजूंना जवळजवळ काही नाही. उजव्या दरवाज्यावर मुठीच्या खाली दोन ओघळ, ते माझेच, तिथं हात रेंगाळला. चार-पाच दिवस वाळू द्यायचं, गडबड करायची नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

ओघळ आधी ब्लेडच्या धारेनं खरवडून खाली आणले, बाजूला टेप लावून. मग १५००, मग २००० नंबर, भरपूर पाणी. काजळीचे कण वरच्या थरात होते तेवढे गेले, पांढरं दुधासारखं पाणी खाली वाहत होतं. कडांना आधीच टेप लावायचा, तिथं रंग पातळ असतो. तरी बोनेटच्या डाव्या कडेला करडा प्रायमर डोकावला, पिनेच्या टोकाएवढा, तो ब्रशनं टच-अप केला. मग रबिंग कंपाउंड हातानं. मशीन भाड्यानं घेतलं असतं तर दोन तासाचं काम, हातानं दीड दिवस, आणि खांदा अजून वर जात नाही.

थोडी संत्र्याची साल, म्हणजे रंगाचा तसा बारीक खडबडीतपणा, राहिलीय दरवाज्यांवर. उन्हात तिरकं बघितलं की दिसते. कोण बघतंय.

२५ फेब्रुवारी, रविवार

जोडणी. श्रीखंडाचे डबे उघडून सगळं जागेवर, शेवटी तीन स्क्रू उरले, कुठले ते कळलं नाही, गाडी आवाज करत नाही म्हणजे चालतंय. दोन्ही बंपर काळेच ठेवले, पैसे संपले होते. दरवाज्याच्या आतल्या कडा जुन्याच पिवळट पांढऱ्या आहेत, दार उघडलं की दोन गाड्या दिसतात.

हिशोब: डेंटिंग ४५००, रंग हार्डनर थिनर ४१५०, प्रायमर दोन्ही मिळून १९००, मास्क १३५०, पुट्टी आणि रिमूव्हर १२३०, पेपर टेप कंपाउंड १४६०, कॉम्प्रेसर चार दिवस १२००, अंडरकोटिंग ६५०. झाले १६,४४०. पंधरात बसवणार म्हणालो होतो, नाही बसलं. डिकी आधी तपासली असती तर हजारएक वाचले असते.

५ मार्च, मंगळवार

रजा टाकून पासिंगला नेली. साहेबांनी चेसिस नंबर बघितला, दिवे, हॉर्न, ब्रेक, खाली वाकून फरशी बघितली आणि विचारलं पत्रा कुठं मारून घेतला. रंगाबद्दल एक शब्द नाही. झालं काम.

येताना आप्पांनी चालवली. घराच्या बोळात मागं घेताना आई आपणहून बाहेर आली आणि डाव्या बाजूला चाकाजवळ उभी राहून हात हलवत, "येऊ द्या, येऊ द्या... बास!" आप्पांनी आरशात न बघता ब्रेक दाबला.

टपावर सात कण राहिलेत, खोल बसलेले, ते काढायला गेलं तर प्रायमर लागेल. आणि मागच्या सीटखालनं उंदराचा वास येतोय, येत्या रविवारी सीट काढून बघायची.